लाइट गेल्यावरची शाळा

माझ्या मुलीला ऐकू येतं की नाही, हे मला ती साडेतीन वर्षांची होईपर्यंत कळलं नव्हतं. आणि मी कोण, तर अंगणवाडीची सेविका. गावातलं कुठलं पोर कधी रांगलं, कुणाचं वजन तीन महिने जागचं हललं नाही, कोण अजून भिंत धरून चालतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. ही म्हण मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे गावातल्या बायकांनी ती माझ्या पाठीमागे इतक्यांदा वापरली की आता तिच्यावर माझाच हक्क आहे.

आमचं गाव भिवंडीच्या कडेला, वळ गावाच्या जवळ. ज्यांची जमीन रस्त्याला लागून होती त्यांनी गोडाऊनं बांधली, ज्यांची आत होती त्यांनी घराखाली कापडाचे यंत्रमाग टाकले. आमची आत होती. खाली गाळ्यात आठ माग, आणि वर लोखंडी गर्डरवर लाकडी फळ्या ठोकून केलेल्या माळ्यावर आम्ही चौघं: मी, नवरा, सासू आणि मुलगी. दिवसपाळी, रातपाळी, माग चालूच. माग चालू असले की हंड्यातलं पाणी थरथरायचं, भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं आणि पायांच्या तळव्यांतून एक बारीक गुणगुण वर चढत राहायची. लग्न होऊन अंजूरहून इथे आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, आपल्याला ताप भरलाय. मग सवय झाली.

या आवाजात तोंडाने बोलणं म्हणजे घसा फोडून घेणं. म्हणून मागवाल्यांच्या घरात हाताने बोलतात. अंगठा ओठाला लावला की पाणी. तर्जनीची आकडी केली की धागा तुटलाय. मूठ पोटावर आपटली की जेवायला चला. दोन्ही तळवे उघडून झटकले की लाइट जायची वेळ झाली, हातातलं आवरा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. नवी सून आठवड्याभरात शिकते आणि पोरं पाळण्यातच. माझी मुलगी दीड वर्षाची असताना हाताने पाणी मागायची, हाताने 'नको' म्हणायची, आजीचं पान संपलं की आजीच्या आधी तिला कळायचं आणि ती बोटांनी चुना लावून दाखवायची. सासू कौतुकाने आल्यागेल्याला दाखवायची. मीही दाखवायची.

तोंडाने मात्र ती बोलत नव्हती. आ, बा, असे आवाज काढायची, रडायची तर खणखणीत. मागाच्या घरातली पोरं उशिरा बोलतात, असं आमच्याकडे सरसकट म्हणतात आणि ते अगदीच खोटं नाही. त्यात माझा नवरा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, हे सासूने मला हळदीच्या दिवशीच ऐकवलेलं. "पोर बापावं गेलीय," ती म्हणायची. "यो तरी कवा बोलला? आनि आता बग, बोलतं का न्हाय?" माझा नवरा दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस. तो नुसती मान हलवायचा. सासूचे स्वतःचे कान मागापायी कधीचे गेले होते, पण ते तिला सांगायची कुणाची छाती नव्हती. तिच्या मते जग हळू बोलायला लागलं होतं.

पहिल्यांदा ज्याने मला सांगितलं तो खालचा एक जुना कारागीर. उत्तरेकडचा, दाढी पिकलेली, मी त्यांना चाचा म्हणायची. त्या वर्षांत लोडशेडिंग जोरात होतं. दुपारची लाइट गेली की आठही माग एकदम थांबायचे, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं बोलणं सगळ्यांच्या तोंडातून बाहेर पडायचं. अशाच एका दुपारी मी खाली चहा घेऊन गेले. चाचांनी कप घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी, बुरा मत मानना. लाइट जाती है तो हम सब मुँह से बोलने लगते हैं. बिटिया तब भी हाथ से ही बोलती है."

मी बुरा मानलाच. चांगलाच मानला. कोण हा, धागे जोडायला आलेला माणूस, आणि मला सांगतोय! मी सरकारी प्रशिक्षण घेतलेली बाई, माझ्या पेटीत मुलांच्या वाढीचे तक्ते. मी म्हटलं, "चाचा, तुम अपना मशीन देखो." मी कपही परत न घेता वर आले. वर आल्यावर मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि हाताने विचारलं, चहा कुठाय. माग बंद होते. सगळीकडे शुकशुकाट होता आणि ती हाताने विचारत होती. मी तिला हातानेच सांगितलं, संपला.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात भुंगा शिरला. नुसता शिरला असता तर बरं; तो कधी हो म्हणायचा, कधी नाही. कारण मुलगी मला दोन्हीकडचे पुरावे द्यायची, तेही अगदी सढळ हाताने.

मी लाइट गेल्यावर माळ्यावर तिच्या पाठीमागे उभी राहिले आणि ताटावर डाव आपटला. ती वळली. मला इतका आनंद झाला की मी तिला उचलून गोल फिरवलं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तेच ताट, तोच डाव. ती मणी ओवत बसलेली, ओवतच राहिली. तिसऱ्यांदा आपटला तेव्हा वळली, पण तोवर बाकीची सगळी पोरं वळून माझ्याकडे बघत होती. मग ती त्यांच्यामुळे वळली की ताटामुळे? घरी हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. नाही बघितलं की सासू म्हणायची, "लाडावून ठेवलंय, आयकंल कशाला?" गणपतीत ढोलावर ही सगळ्यांच्या पुढे, ताल चुकवता चुकत नाही. टीव्हीसमोर बसली की हसायच्या जागी हसते. आणि सासूचा हुकमाचा एक्का तर वेगळाच होता. "लाइट गेली का झोपल्याली पोर पयली उठून बसते गो. माग थांबल्याला तिला आयकू येतो आनि तू आयकू येतं का न्हाय इचारतेस?"

हे खरं होतं. दुपारी झोपलेली असली तरी माग थांबले की तिचे डोळे उघडायचे. कधीकधी मलाही कळायच्या आधी. आता जिला आवाज थांबलेला ऐकू येतो, तिला आवाज ऐकू येत नाही असं कसं म्हणायचं? मी दिवसभर या एकाच गोष्टीवर घुटमळत राहायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिच्या डोक्यामागे टाळी वाजवली, ती वळली, त्यांनी विचारलं, घरात कुणी उशिरा बोललं होतं का? मी म्हटलं, हिचे वडील. "मग झालं तर," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी बाहेर आले. खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्या महिन्यात मुलांच्या विकासाची कार्डं भरायची होती. 'पाठीमागून हाक मारल्यावर वळून बघते का?' असा एक प्रश्न त्यात होता. गावातल्या प्रत्येक पोराला मी समोर बसवून, मागे जाऊन, हाक मारून मगच खूण केली. माझ्या मुलीचं कार्ड मात्र घरी पोळ्या झाल्यावर, ओट्याशी उभ्याउभ्या भरलं. 'होय.' ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. अक्षर छान आहे.

अंगणवाडी गावातल्याच एका गाळ्याच्या पुढच्या खोलीत भरायची. भिंतीपलीकडे तिथेही माग. लाइट असेपर्यंत मी पोरांकडून चित्रं रंगवून घ्यायची, मणी ओववून घ्यायची, आणि लाइट गेली की गाणी, गोष्टी आणि आवाजाचा खेळ. एकाचे डोळे ओढणीने बांधायचे, मदतनीस बाईंनी कोपऱ्यात जाऊन घंटी वाजवायची, आणि डोळे बांधलेल्याने बोट दाखवायचं, आवाज कुठून आला. माझी मुलगी या खेळात नेहमी घंटी वाजवायची. तिला तेच आवडायचं. घंटी हातात घेऊन ती अशी ऐटीत उभी राहायची की मदतनीस बाई आपसूक मागे सरायच्या. डोळे बांधून बसायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती, आणि आता वाटतं, ती मी येऊ दिली नव्हती.

कार्ड भरून पंधरा दिवस झाले असतील. त्या दिवशी मुलं थोडी होती, सगळ्यांची पाळी झाली. कुणीतरी पोर ओरडलं, "बाई, हिची रायली!" मी ओढणी घेतली आणि माझ्याच मुलीचे डोळे बांधले. ती खूश झाली. मांडी घालून ताठ बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर. मदतनीस बाईंनी खिडकीशी जाऊन घंटी वाजवली. ती बसूनच. बाईंनी जोरात वाजवली. मग दाराशी जाऊन वाजवली, मग तिच्या पाठीशी हातभर अंतरावर. पोरं हसायला लागली आणि मग हसायची थांबली. ती तशीच बसली होती, ओढणीखाली तोंडभर हसत. खेळ सुरू व्हायची वाट बघत होती.

मी तिचे डोळे सोडले. तिने हाताने विचारलं, झालं? मला रडू आलं नाही. मी पोरांना खिचडी वाढली, ताटं मोजून ठेवली, खोलीला कुलूप लावलं. घरी येऊन खाली गाळ्यात गेले आणि चाचांसमोर उभी राहिले. माग चालू होते. काय बोलणार? मी हात जोडले. त्यांनी मान खाली घातली आणि माग थांबवून तुटलेला धागा शोधायला लागले. धागा तुटलेला नव्हता.

मुंबईच्या सरकारी दवाखान्यात झोपेचं औषध देऊन, डोक्याला वायरी लावून तिची तपासणी झाली. डॉक्टर बाई तरुण होत्या. म्हणाल्या, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. ढोल, ताट असला मोठा आवाज कधी जाणवेल, कधी नाही, पण माणसाचं बोलणं नाही. मी तिथेही वाद घातला. म्हटलं, "पण माग थांबले की तिला कळतं. झोपेतून उठते." त्यांनी विचारलं, घर कसं आहे? मी माळा सांगितला, फळ्या सांगितल्या. त्यांनी माझा तळहात टेबलावर ठेवला आणि टेबलाखालून बोटांनी टकटक केली. "असं कळतं," त्या म्हणाल्या.

एवढंच होतं. साडेतीन वर्षं मी तिच्या मागे जायची ती त्या फळ्यांवरून चालत जायची. प्रत्येक पावलाला फळी वाकून तिला सांगत होती, आई आली. ती वळायची आणि मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायची.

नवऱ्याने तिथे एकच प्रश्न विचारला. "मागामुळं झालं काय?" डॉक्टर बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. बहुतेक जन्मापासूनच असेल." आणि मला म्हणाल्या, वयाच्या पाचाच्या आत जेवढं बोलणं कानावर पडेल तेवढी आशा. नंतर फार अवघड जातं. परतीच्या बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत बसला. अर्ध्या रस्त्यात म्हणाला, "बहुतेक म्हनल्या ना?" मी हो म्हटलं. तो पुन्हा खिडकीकडे वळला.

ऐकायचं मशीन मिळालं. तेव्हा छातीवर पट्ट्याने बांधायचं, आगपेटीपेक्षा थोडं मोठं मशीन असायचं, त्यातून दोन वायरी कानांत. दवाखान्यातल्या शांत खोलीत ते लावलं तेव्हा तिने डोळे मोठे केले आणि ती गप्प झाली. घरी आणलं, जिना चढलो, मी खटका चालू केला आणि ती किंचाळली. असं किंचाळताना मी कुठलंच पोर पाहिलेलं नाही. दोन्ही हातांनी वायरी ओढून तिने मशीन जिन्यावरून खाली फेकलं आणि फळ्यांवर पालथी पडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला घरात जे ऐकू आलं ते आठ माग होते. तिचं काय चुकलं?

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मी आठवड्यातून एकदा जायची. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, रोज एक तास शांत जागी बसून तिच्याशी बोलायचं. दुसरी, बोलताना हात वापरायचे नाहीत. हाताने मिळत राहिलं तर ती कानाने मागणार नाही. मी दोन्हींना मान डोलावली आणि घरी येऊन गोंधळले.

कारण हात नाही वापरायचे तर मी तिच्याशी बोलू कशी? आमचं सगळं बोलणं हातांत होतं. तिचे लाड, तिचे रुसवे, आजीची नक्कल, सगळं. मी मांडीखाली हात दाबून बसायची आणि "पाणी, पाणी" म्हणत राहायची. ती माझ्या दंडांकडे बघायची, हात कुठे गेले म्हणून. मग माझ्या मांडीखालून माझा हात ओढून काढायची आणि माझाच अंगठा माझ्या ओठाला लावायची. पाणी तर म्हणायचंय तुला, मग असं म्हण ना. मला अजून ठरवता आलेलं नाही की मी तेव्हा तिला काही देत होते की तिच्याकडून काही काढून घेत होते. बाईंचं बरोबर होतं बहुतेक. तोच शब्द पुन्हा.

आणि शांत जागा? भिवंडीत? मी देवळात नेऊन बघितलं. घंटेने तिने पुन्हा वायरी ओढल्या. पूर्णा गावाच्या बाजूला शेतात नेलं तर गोडाऊनच्या ट्रकांची रांग. माहेरी अंजूरला खाडीवर नेलं, तिथे चिटपाखरू नव्हतं, पण वारा मशीनमध्ये असा शिरायचा की तिला वाऱ्याशिवाय काहीच ऐकू येईना. शुक्रवारी मागांना सुट्टी असायची, पण त्या दिवशी दुरुस्तीची ठोकाठोकी, आणि बाईंनी तर रोज म्हटलेलं. मी रागाने नवऱ्याला म्हटलं, "अहो, या गावात ऐकू येणाऱ्याला ऐकू येत नाही, हिला कुठून येणार?" मी त्याला माग बंद ठेवा असं म्हणाले नाही. आमचं चौघांचं पोट त्यावर होतं, चाचांचं आणि त्यांच्या तीन सोबत्यांचंही. असली गोष्ट मागायची नसते, हे मला न सांगता कळत होतं.

मग एके दिवशी दुपारी लाइट गेली, माग थांबले, मुलगी उठून बसली आणि माझी ट्यूब पेटली. लाइट गेल्यावर पेटली, हेही खरं.

त्या दिवसापासून लाइट गेली की आमची शाळा भरायची. लोडशेडिंगची वेळ बदलत राहायची, पण पाटी पुसून मी रोज नवी वेळ लिहायची. अख्खी भिवंडी घामाने निथळत वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि मी मशीनचा खटका लावून, मुलीला खिडकीच्या उजेडात बसवून, हात मांडीखाली घालून तयार असायची. पंखा नाही, वर पत्रे तापलेले. चमचा, वाटी, पाणी, आजी. चमचा, वाटी, पाणी, आजी. सासू बाजूला पान लावत बसायची आणि म्हणायची, "आगो जोरान बोल, मलापन न्हाय आयकू आलं." दोघींनाही एकदमच शिकवणं चाललं होतं म्हणा ना.

महिने गेले. ती ऐकायला लागली होती, हे मला दिसत होतं. 'आजी' म्हटलं की आजीकडे बघायची, ओठ झाकून म्हटलं तरी. पण तोंड उघडत नव्हती. साडेचार होऊन गेली होती. मी दिवस मोजायची नाही, पण ते आपोआप मोजले जायचे.

आणि मग एक दिवस दुपारी माग थांबले. आमच्याकडे लाइट गेली की घराघरांतून एकच आरोळी उठते: "गेली!" कारागीर ओरडतात, बायका ओरडतात, पोरं नाचतात. त्या दिवशी मी मशीन जरा आधीच तिच्या छातीवर बांधून ठेवलं होतं. खालून आरोळी आली आणि माझ्या शेजारून कुणीतरी म्हणालं, "ये-ई." मी वळून बघितलं. ती दोन्ही तळवे झटकत, तोंड वासून, माझ्याकडे बघत होती. "ये-ई!" गेली. तिचा पहिला शब्द. आई नाही, आजी नाही. सासू म्हणाली, "बोललं! पोर बोललं!" आणि सासूला ऐकू आलं होतं, म्हणजे नक्कीच बोललं होतं. मी हसत होते की रडत होते ते मला आठवत नाही. हात मांडीखालून कधी निघाले तेही नाही.

त्यानंतर रोज तिचा वर्ग तीच सुरू करायची. "ये-ई" म्हणायची आणि स्वतः मशीन घेऊन यायची. त्या शब्दामागून 'पाणी' आलं, 'आजी' आली. शब्द एकेक करून, उशिरा का होईना.

आणि मग भिवंडीची लाइट सुधारली. वीज पुरवण्याची व्यवस्था बदलली, नव्या तारा आल्या, खांब आले, आणि लोडशेडिंग आधी कमी झालं, मग जवळजवळ गेलंच. गावात आनंदीआनंद. आमच्याकडे शेजारच्या गाळ्यातून पेढे आले. पेढेवाली बाई म्हणाली, "आता दिवसरात माग चालंल, ताई, तोंड गोड करा." मी पेढा हातात घेऊन उभी राहिले. घरात आवक वाढणार होती, सासूला पंखा मिळणार होता, पोरांच्या अंगणवाडीतली खोली थंड राहणार होती. मी कुठल्या तोंडाने वाईट वाटून घेऊ? आणि वाटत तर होतं. मी पेढा खाल्ला. गोड लागला की नाही सांगता येत नाही.

आठवडा गेला. मुलगी दुपारी मशीन घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहायची. फळ्या थरथरत असायच्या. ती पायांकडे बघायची, माझ्याकडे बघायची, आणि मशीन परत खुंटीला लावायची. दुसऱ्या आठवड्यात ती यायचीच बंद झाली. पाणी पुन्हा अंगठ्याने मागायला लागली. मी बघत होते आणि नवऱ्याला काही म्हणत नव्हते. तो जेवताना मान खाली घालून जेवायचा. मला वाटायचं, याच्या लक्षातच आलेलं नाही. दोन वेळा मी भांडी जोरात आपटली. या घरात भांडी आपटण्याला काय अर्थ आहे, माग चालू असताना?

मग एक दिवस, दुपारचे चार वाजले असतील. मी तांदूळ निवडत होते, मुलगी माझ्याजवळ बाहुलीला झोपवत होती. आणि हंड्यातलं पाणी थांबलं.

मुलीने डोकं वर केलं. "ये-ई!" म्हणाली, उठून खुंटीकडे धावली आणि मध्येच थबकली. वर बल्ब जळत होता. पंखा फिरत होता. तिने पायाखालच्या फळ्यांकडे बघितलं, मग बल्बकडे. असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. माग थांबले आणि दिवा चालू. खालून चाचांचा आवाज आला, "सेठ, क्या हुआ? लाइट तो है!" जिन्यावर पावलं वाजली.

नवरा वर आला. मागाचं ऑइल हातांना लागलेलं, ते त्याने चड्डीला पुसलं आणि दारातच खाली बसला. माझ्याकडे बघितलंही नाही. मुलगी बल्बकडे बोट करून त्याच्यापुढे उभी राहिली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मशीन तिच्या हातात तसंच लोंबकळत होतं. मी ते तिच्या छातीवर बांधलं, खटका लावला. तिने बल्बकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि विचारलं.

"आ?"

का. आजवर तिने शब्द म्हटले होते. विचारलं कधी नव्हतं.

नवऱ्याचे दोन्ही हात आपोआप वर आले, मागावर येतात तसे. हवेत थांबले. मग त्याने ते खाली घेतले, मांडीखाली घातले, माझ्यासारखे, आणि तोंडाने म्हणाला, हळू, एकेक शब्द, "मी बंद केले. रोज करनार. तू बोल."